खडवलीची गाठ

भरतीच्या वेळी परशुरामाच्या घरात पाण्याचा उजेड येई. खाडी काठोकाठ भरली की ऊन पाण्यावर आपटून खिडकीतून आत चढे आणि माळ्याच्या फळ्यांवर हलत राही. लग्न होऊन आली तेव्हा गोदा त्या उजेडाकडे भान हरपून बघत बसायची, आणि आत्येसासू आवडाबाई ओरडायची, "सून छपराकरं बगतंय नि भात करपतंय!" आता अकरा वर्षं झाली. भात करपायचा थांबला, उजेडाकडे बघणं काही सुटलं नाही. पुनवेच्या दुपारी मात्र तो उजेड आला की ती पाठ करून बसे. का बसे, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज तर नारळी पुनव होती. ठाण्याच्या खाडीवरचा सगळा कोळीवाडा सकाळपासून नटून बसलेला. गोदा मागच्या पडवीत नारळीभातासाठी खोबरं खवत होती, आणि ओटीवर तिच्या सासऱ्यानं, परशुरामानं, न विचारता निकाल देऊन टाकला होता.

"यंदा नारल नामाच्या हातानं वाहायचा," तो म्हणाला. "नाय वाहिला तं उद्यापासून त्याचा या उंबऱ्याशी संबंद नाय. मंग जाऊदे त्याला कल्यानला, त्याच्या मास्तरकरं."

गोदाचा नवरा उत्तम ओटीवरच होता. त्यानं नुसती मान हलवली. उत्तम स्वभावानं गरीब. बापापुढे मान हलवण्यात त्याची निम्मी हयात गेली होती.

नामा म्हणजे उत्तमचा धाकटा भाऊ. गोदा या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता, नाक पुसायची शुद्ध नसलेला; वर्षभरात त्याची आई गेली. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, तिनंच शाळेत धाडलं. आता तो डोंबिवलीच्या एका कारखान्यात लेथवर काम करत होता. तिथला फिटर दौलत मास्तर नगरकडचा ख्रिस्ती माणूस. दर रविवारी कल्याणला त्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये प्रार्थना चाले. नामा आधी गाणी ऐकायला गेला, मग चहाला गेला आणि मग जातच राहिला. वर्षभरात त्यानं ताडी सोडली, शिव्या सोडल्या, देवाचा प्रसाद घेणं सोडलं आणि स्वतःचं ताट निराळं मांडून घेऊ लागला. मास्तरनं म्हणे सांगितलं होतं, पवित्र म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं.

"येगला काढलाय ना?" आवडाबाई म्हणाली होती. "मंग त्याचं ताट कोन घासतं? तो का तुजा देव?"

आवडाबाईचं तोंड कोयत्यासारखं चाले, पण दुसऱ्या दिवसापासून नामा आपलं ताट आपण घासू लागला. मग तिलाच वाईट वाटलं.

दुपारी, गोदा एकटी असली की, नामा तिला वाचून दाखवी. ती कोलंबी सोलायची आणि तो निळ्या पुठ्ठ्याचं एक लहान पुस्तक उघडून बसायचा. त्यातली माणसं गोदाला आवडायची. तीही होड्यांतली माणसं होती, जाळी धूत होती, एखाद्या रात्री त्यांनाही काही मिळत नव्हतं. येशू त्यांच्या होडीत बसून बोलायचा आणि काठावर लोक ऐकायचे. ऐकता ऐकता गोदाचा डोळा लागायचा. मग तिला माहेरची, खडवलीची नदी दिसायची, माणसं पार नेणारी बापाची तर दिसायची आणि तरीत पांढऱ्या कपड्यांतला कुणीतरी बसलेला. तो तिला काही विचारी. काय विचारी, ते जाग आली की आठवत नसे.

आता नामा पडवीत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. कारखान्याच्या तेलानं काळी पडलेली नखं, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

"वहिनी, ऐकलंस ना?"

"ऐकलं. वाह ना रे एक नारळ. तुझ्या देवाचं काय जातंय? इतका का तो कोता आहे?"

"तसं नाही गं. मी नाही म्हणणारच नाहीये." तो जवळ सरकला. "मी काल मास्तरांकडे गेलेलो. म्हटलं, काय करू? ते म्हणाले, मी नाही सांगणार, तूच वाचून बघ. मग वाचलं. येशू काय म्हणतो माहितेय? तू देवापुढे आपलं दान घेऊन आलास, आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर. मग ये आणि वाहा."

गोदाचा हात खवणीवर थांबला.

"कुठला भाऊ?"

"बापूंना किती भाऊ आहेत? कुंडलिक काका. चार घरं सोडून राहतो आणि अकरा वर्षं आपण त्याच्या दारावरून तोंड फिरवून जातोय. मी आज सगळ्यांसमोर सांगणार, आधी काकाकडे जाऊ, पाया पडू. त्याची होडी आपल्या घरातल्या कुणीतरी सोडली हे कबूल करू. बापूंनी एकवीरा आईपुढे नारळावर हात ठेवून खोटी शपथ घेतली हे—"

"नामा!"

"सगळा कोळीवाडा म्हणतो, वहिनी. मी रोज प्रार्थनेत त्यांच्यासाठी माफी मागतो."

खवणीच्या पात्याला तिचं बोट लागलं. रक्ताचा थेंब पांढऱ्या खोबऱ्यावर पडला आणि ती तो कणभर भाग काढून टाकत बसली. नामा उठून गेला तरी ती तेवढंच करत होती.

होडी सोडली कुणी, ते कोळीवाड्याला नाही, गोदाला ठाऊक होतं. ती तिनं सोडली नव्हती. बांधली होती.

लग्नाला तीन आठवडे झालेले. पुनवेच्या सकाळी सासूनं तिला सासऱ्याच्या होडीतून टोपली आणायला धाडलं. तेव्हा सासू होती. ओहोटी होती. खाडी पार आटलेली, होड्या चिखलात कलंडून पडलेल्या. चुलत सासऱ्याच्या, कुंडलिकच्या होडीचा दोर असा लांबच लांब वाटेत पसरलेला, पायात येणारा. खडवलीला तिचा बाप तरीवर होता. नाव काठाला कशी ताठ, आवळून बांधावी, हे तिला चालायला यायच्या आधी येत होतं. इथले लोक किती गबाळे, असं तिला वाटलं. तिनं दोर सोडला, गुंडाळला आणि होडी खुंटाशी हातभर अंतरावर पक्की आवळून टाकली. बापाची गाठ मारली. वर मागं होऊन आपलं काम कौतुकानं बघितलंही.

खडवलीच्या नदीला भरती येत नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते, वर्षातून एकदा. इथलं पाणी दिवसातून दोनदा दोन पुरुष वर चढतं, म्हणून दोर लांब ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोळ्याच्या पोराला श्वास घे म्हणून कोण सांगतं! दुपारी पुनवेचं उधाण आलं. होडी वर उचलू लागली, दोर तिला उचलू देईना, शेवटी खुंटच उखडला. होडी खुंटासकट वाहत गेली आणि कळव्याच्या पुलाच्या दगडी खांबावर फुटली.

त्याच महिन्यात दोघा भावांत जाळं लावायच्या जागेवरून बोलाचाली झालेली. मग काय, लोकांना निमित्तच हवं होतं. परशुरामानं घरातल्या एकेका बाप्याला विचारलं आणि देवीपुढे शपथ घेतली, माझ्या घरच्या कुणी होडीला हात लावला नाही. गोदा दाराआड उभी होती. तीन आठवड्यांची नवरी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिनं ती मूठ अकरा वर्षं अशी आवळून धरली की आता बोटंच उघडत नव्हती.

बोलली असती तर दुसऱ्या दिवशी तिला खडवलीला पोचवून आले असते. आज बोलली तरी कदाचित तेच करतील. आणि नाही बोलली तर नामा जाईल, बापाला खोटारडा ठरवून आणि स्वतः बेघर होऊन. तिला खूप भीती वाटली.

बारा वाजता खाडी भरत आली. दारात बेंजोवाले वाजवायला लागले. बायका हिरव्या लुगड्यांत, गडी लाल टोप्यांत. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ परशुरामानं देव्हाऱ्यातून उचलला, ओटीवर आणला आणि नामापुढे धरला. वाजंत्री आपोआप थांबली. सगळा वाडा याचसाठी तर जमला होता.

"घे."

"घेतो, बापू," नामा म्हणाला. "पण आधी काकाकडे जाऊ या."

"कोन काका?"

"तुम्हाला माहितेय कोण. आधी त्याची माफी मागू, मग नारळ वाहू. माझं पुस्तक तसं सांगतं."

"माफी?" परशुरामाचा आवाज एकदम खाली आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "माफी कसली? म्हंजे मी आईपुढं खोटा बोललो? माजा पोरगा सगल्या कोलीवाऱ्यापुढं मना खोटा बोलतंय?"

"बापू, सगळ्यांनाच ठाऊक आहे—"

"नामा, पुरे!" उत्तम मधे पडला. "नारल घेतोस का नाय?"

"लहान हाय तो," आवडाबाई म्हणाली. सकाळपर्यंत ती भावाच्या बाजूनं होती; आता पोराचा चेहरा बघून तिचं पारडं फिरलं. "दादा, सनाच्या दिवशी नको रं."

"निघ," परशुराम म्हणाला. नारळ त्यानं मागे ओढला. "आत्ताच्या आत्ता निघ. पवितर झालास ना? जा मंग. बापाच्या थोबाडाला काला फासून मानूस पवितर होत आसंल तं हो जा."

नामानं खाली बघितलं. मग तो खरंच वळला, पायरीशी गेला आणि चपला शोधू लागला. माळ्याच्या फळ्यांवर पाण्याचा उजेड हलत होता. गोदाला वाटलं, आपण पाण्याखाली आहोत, वरून होडीचा तळ दिसतोय आणि कुणीतरी पुन्हा तेच विचारतंय. यावेळी तिला ऐकू आलं. तो विचारत होता, गोदे, दोर कुणी बांधला?

"मी," ती म्हणाली.

सगळे वळले. सून पुरुषांत बोलली, याचंच आधी नवल.

"काकांची होडी मी बांधलेली. त्या दिवशी. दोर आखूड केला. मला भरती ठाऊक नव्हती." सासऱ्याकडे बघत ती बोलत होती, शब्द एकावर एक पडत होते. "मामा खोटं नाय बोलले. मामांना कुणी सांगितलंच नाय. मी सांगितलं नाय."

"आत चल," उत्तम कुजबुजला. "काय बोलतंस, कलतंय का तुला?"

"कळतंय."

परशुराम नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

"तवा का नाय बोललीस?"

"तुम्ही मला खडवलीला पोचवली असती."

म्हातारा खोटं बोलणाऱ्यातला नव्हताच. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "व्हय. पोचवली असती."

मग त्यानं नारळ उंबऱ्यावर ठेवला. "आवडे, कोंबऱ्यांना टोच मारू देऊ नको," एवढं बहिणीला सांगून तो चार घरं पलीकडे चालू लागला. गोदा अनवाणीच मागे निघाली. थोड्या अंतरानं नामा, आणि सगळ्यात शेवटी उत्तम, हातात बायकोच्या वहाणा घेऊन. त्या तिला द्यायच्या की नाहीत, हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

कुंडलिकच्या पडवीच्या वाशाला वीतभर दोराचा तुकडा लोंबत होता. त्यात एक गाठ होती. फुटक्या होडीतून त्यानं एवढाच जपून आणला होता, शत्रूची निशाणी म्हणून. अकरा वर्षं गोदा त्या दारावरून जाताना मान खाली घालून गेली होती, आणि लोक म्हणायचे, परशुरामाची सून किती मर्यादेची.

परशुराम पायरीखालीच थांबला. गोदा वर गेली. कुंडलिक आपला नारळ घेऊन निघायच्या बेतात होता, मागे त्याची बायको ठमाबाई. गोदानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. या खेपेला शब्द नीट आले.

कुंडलिकनं आतून स्टूल आणलं. स्टुलावर चढून त्यानं दोर काढला आणि तिच्या हातात दिला.

"मार गाठ."

मिठानं कडक झालेला दोर वाकत नव्हता. तिनं दातांत धरून उरलेल्या टोकाला गाठ मारली. जुन्या गाठीशेजारी नवी गाठ बसली. दोन्ही एका आईच्या लेकी.

"किती जनांना दाखवली," कुंडलिक हळू आवाजात म्हणाला. "उरनपरत जाऊन आलो. कुनाला वलखता आली नाय."

"आमच्याकडं तरीवर अशीच मारतात."

"आनि माजा पोरगा रेतीच्या होरीवर मजुरीला गेला तो?" ठमाबाई पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज पेटलेला होता. "माफी मागून होरी येते काय गो? माजी अकरा वर्सं येतात?"

"नाय येत, काकी."

"मंग?"

गोदा तशीच उभी राहिली. पळून जावंसं वाटलं नाही, एवढंच तिला नवल वाटलं.

"मंग दादा, तू खरा होतास," कुंडलिक पायरीकडे बघून म्हणाला.

"नाय रं." परशुरामानं मान हलवली. "मी सगल्या बाप्यांना इचारलं नि आईच्या नारलावर हात ठेवला. घरातल्या बायांना इचारलंच नाय. सुनेला कोन इचारतं? ना बगता घेतलेली शपत. खोटीच ती."

हे त्याच्या तोंडून ऐकून नामाचा धीर सुटला. तो बापाच्या पायाशी बसला. "बापू, मी तुम्हाला खोटारडा समजत होतो. रोज देवाजवळ तुमच्यासाठी माफी मागायचो."

"माज्यासाठी?" म्हातारा चकित झाला. "मना न इचारता? मंग आता जरा तुज्यासाठी माग."

ठमाबाईला अशा वेळी हसू फुटलं आणि त्याचाच तिला राग आला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत निघून गेली. परत आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. तो तिनं गोदाला दिला नाही, मधे ओट्यावर ठेवला. मनात असेल तर घे, असा.

गोदा प्याली.

तेवढ्यात गल्लीतून आवडाबाई नारळ कडेवर घेऊन धावत आली. "पानी सुटलं! बोलत काय बसलाव, ओहोटी लागली!"

नारळ भरतीला वाहायचा असतो. वर्षानुवर्षं तसाच वाहिलेला. पण भरतीचा नारळ लाटांबरोबर पुन्हा काठाला लागतो आणि पोरं तो फोडून खातात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा दोन भाऊ दोन नारळ घेऊन उतरत्या पाण्याकडे निघाले. काठाशी चिखल उघडा पडू लागला होता. परशुराम थांबला.

"तुज्या पुस्तकात पुढं काय? समेट झाला, मंग?"

"मग परत येऊन आपलं दान वाहायचं," नामा म्हणाला.

"कुनाला?"

नामानं पाण्याकडे बघितलं. खाडीवर ऊन असं पसरलेलं की पलीकडचा काठ तरंगत असल्यासारखा दिसत होता.

"आसू दे," परशुराम म्हणाला. "ते तू नि तुजा देव बगा. मना चिखलात हात दे. नि जेवायला पंगतीत बस, येगलं ताट नको."

नामानं हात दिला. नारळाला तो शिवला नाही आणि कुणी शिव म्हटलं नाही. बापाचं कोपर मात्र त्यानं असं घट्ट धरलं होतं की म्हाताऱ्याला नारळ फेकायला कसरत करावी लागली. दोन्ही नारळ बुडाले, वर आले आणि दर्याकडे जाऊ लागले. उत्तमनं गोदाच्या वहाणा तिच्यापुढे चिखलात ठेवल्या. ती त्यात पाय घालेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.

लोक पांगायला लागले. कुंडलिकची होडी, मागाहून कर्ज काढून घेतलेली, ओहोटीनं ओढ घेत होती. नटवायला मोकळी केलेली, पोरांनी नुसती हातानं धरून ठेवलेली, अजून बांधायची राहिलेली. त्यानं दोराचं टोक उचललं आणि सगळ्या कोळीवाड्यादेखत गोदाच्या हातात दिलं.

"बांध."

तिनं टोक परत त्याच्यापुढे धरलं. खुंट समोर होता.

"काका, मी नको."

"पानी येतं, पानी जातं," कुंडलिक म्हणाला. "सैल ठेव गो."

गोदानं दोर खुंटाला घातला. हातभर सोडला, त्याच्याकडे बघितलं आणि आणखी हातभर सोडला.